कुलूप हा आकडा नसतो

नाना बोरसे गेल्याचं मला चौधरींनी फोनवर सांगितलं. चौधरी सांख्यिकी कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे, आणि कुणाच्याही मरणाची बातमी पहिल्यांदा आपणच द्यावी अशी त्यांना जुनी हौस आहे. "नाना गेले, पाटील बाई. झोपेतच गेले, धुळ्याला, राहत्या घरी," एवढं बोलून ते थांबले. माझ्याकडून 'अरेरे' येईल, निदान एखादा उसासा ऐकू येईल, म्हणून थांबले असावेत. मी म्हटलं, "बरं." मग त्यांनी दशक्रियेचा दिवस सांगितला आणि फोन ठेवला. मी गॅसवरची डाळ उतरवली, जेवले, भांडी घासली. दुपारी मात्र झोप लागली नाही. माणूस जातो, पण त्याच्यावरचा राग आपल्या घरी तसाच मुक्कामाला राहतो, हे मला त्या दुपारी कळलं.

पुढे धुळ्यात शोकसभा झाली. मी गेले. न जाण्याइतकी कोती मी नाही, आणि लोक काय बोलतात तेही ऐकायचं होतं. जुने साहेब आले होते, निवृत्त कारकून आले होते. एकजण म्हणाला, नाना म्हणजे देवमाणूस. दुसरा म्हणाला, नानांच्या टेबलावरून एकही फॉर्म अपुरा पुढे गेला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगीच नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अहो, तेच तर! एकही फॉर्म अपुरा गेला नाही, हेच तर माझं दुखणं आहे. सभा संपल्यावर या पुरवणीचे संपादक भेटले. म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत, चार शब्द लिहा. मी सांगितलं, लिहीन, पण गोड लिहिणार नाही. ते म्हणाले, लिहा तर खरं. तेव्हा हे असं आहे. नानांचा उल्लेख मी अहो-जाहोने करते आहे तो सवयीमुळे, त्याला कुणी आदर समजू नये.

मी नोकरीला लागले ती धुळ्याच्या कार्यालयात, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. काम सांगायला साधं होतं. कारखान्यांना दरवर्षी एक लांबलचक फॉर्म जायचा. कामगार किती, काम किती दिवस चाललं, कच्चा माल किती घेतला, पक्का माल किती निघाला, वीज किती जळली. गावोगावच्या या फॉर्मांमधून पुढे राज्याच्या उद्योगधंद्यांचे तक्ते तयार व्हायचे आणि त्या तक्त्यांवर बोट ठेवून कुठल्या तालुक्याला काय द्यायचं हे वरची मंडळी ठरवायची. आता खानदेशातला कारखानदार सरकारी कागद बघितला की त्याच्या मागे कोण लपलंय ते आधी शोधतो. कुणी अर्धाच फॉर्म भरायचा, कुणी किलोच्या जागी क्विंटल लिहायचा, कुणी तो फॉर्म वहीला कव्हर घालायला मुलीला देऊन टाकायचा. माझ्यासारखे दोघेतिघे एसटीने फिरून हे फॉर्म भरून आणायचे आणि नाना टेबलावर बसून त्यांची छाननी करायचे. पांढरा शर्ट, जाड काचेचा चष्मा, कानावर लाल पेन्सिल. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका डाळमिलचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "यात काय चुकलंय?" मी बेरजा तपासल्या. सगळ्या जुळत होत्या. नाना म्हणाले, "वीज बघा, बाई. एवढ्याशा विजेत एवढी डाळ? मालक काय जातं हाताने फिरवतो?"

शिकवायला ते चांगले होते, हे मी नाकारत नाही. खोटं लिहायचंच असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. रिकामी जागा का भरायची हे मला त्यांनीच समजावलं. "कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे," ते म्हणायचे, "पण मुंबईत बेरीज करणारा त्याला शून्यच धरणार. म्हणजे गिरणी चालू, माणसं कामावर, आणि कागदावर आपला जिल्हा भिकारी. म्हणून भरायचं. अंदाजाने भरायचं, पण अंदाजालाही रीत पाहिजे." रीत अशी होती. कारखानदाराने उत्तर दिलं नाही आणि त्याचा गेल्या वर्षीचा आकडा हाताशी असला, तर तो घ्यायचा आणि त्या धंद्यातले बाकीचे जेवढे वाढले किंवा उतरले तेवढा तोही वाढवायचा किंवा उतरवायचा. गेल्या वर्षीचंही काही धड नसलं, तर त्याच गावातला, त्याच धंद्याचा, तेवढ्याच आकाराचा शेजारी शोधायचा आणि त्याचा आकडा उसना आणायचा. आणि असा प्रत्येक आकडा लाल पेन्सिलने गोल करायचा, म्हणजे पुढच्या माणसाला कळावं की हा कारखानदाराचा शब्द नाही, हा आपला अंदाज आहे. या गोलावर सगळी इमानदारी उभी होती. गोल असला तर तो अंदाज, गोल पुसला तर ती थाप.

पण लाल गोल जास्त झाले की मुंबईच्या मुख्यालयातून विचारणा यायची. तुमच्या जिल्ह्यात एवढे लोक उत्तर का देत नाहीत, तुमची माणसं फिरतात की नाही, वगैरे. ज्याचे गोल कमी त्याच्या पाठीवर थाप. नानांना ती थाप आवडू लागली. आम्ही दोघं पुढेमागे जळगावच्या कार्यालयात आलो तोपर्यंत त्यांचे गोल विरळ झाले होते आणि रकाने मात्र झाडून सगळे भरलेले असायचे. मी एकदा सरळ विचारलं. नाना हसले. म्हणाले, "बाई, हळदीकुंकवाला तुम्ही घर झाडता ना? मग आलेल्या बायकांना केर कुठे होता ते दाखवत बसता का?" सगळं कार्यालय हसलं. त्यांचं असंच होतं. वाद हरायची वेळ आली की ते गोड बोलायचे आणि समोरची बाई खडूस ठरायची. बरं, लाचखाऊ असते तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांनी कधी कुणाचा फुकट चहासुद्धा घेतला नाही. खाणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण काय करतोय. नानांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपण नीटनेटके आहोत.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला वाढवलं ते अक्काने. तिचा नवराही फार टिकला नाही. पारोळ्यात दोन जिनिंग होत्या, आम्ही त्यांना वरची आणि खालची म्हणायचो. अक्का खालच्या जिनिंगमध्ये रेच्यावर बसायची. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. बायका रांगेने बसून त्यात हाताने कापूस टाकत राहायच्या आणि वर रुईचा धुराळा उडत राहायचा. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या, आणि मी त्या फडक्याने पुसायचे. हंगाम दिवाळीला सुरू व्हायचा तो आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्यानंतर गेटला कुलूप, थेट पुढल्या दिवाळीपर्यंत. त्यामुळे जिनिंगच्या कुलपाचं कुणाला काही वाटायचं नाही. उन्हाळ्यात कुलूप दिसलं तर ते कुलूप नव्हेच, ती सुट्टी.

एका वर्षी ते कुलूप उघडलंच नाही. मालक सुरतेला गेला, भावाभावांचं फाटलं, वीज तोडली गेली. अक्काने मला सांगितलं होतं, पण मी कामाच्या बाबतीत घरचं ऐकून लिहिणारी नव्हे. चंपाषष्ठीच्या सुमारास फॉर्म घेऊन मी स्वतः गेले. वरच्या जिनिंगपुढे कापसाच्या बैलगाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत आली होती. तिथे दोन पाळ्या चालू होत्या. खालच्या जिनिंगला कुलूप. आत रुईचा कण नाही, राखणदार नाही, कुत्रंसुद्धा नाही. मी फॉर्मवर शेऱ्याच्या जागी स्वच्छ लिहिलं की ऐन हंगामात गेटला कुलूप आहे, काम बंद आहे, कामगार घरी आहेत. आणि तो फॉर्म नानांच्या टेबलावर ठेवला. बाकीचे रकाने कोरे होते, कारण सांगायला माणूसच नव्हता.

पुढल्या वर्षी छापील तक्ता आला तेव्हा मी पारोळा तालुका शोधला. तिथे कामगार कमी झालेले दिसायला हवे होते. ते वाढले होते. कापूसही वाढला होता. मी पुन्हा पुन्हा बघितलं, मग फाइल काढली. खालच्या जिनिंगच्या फॉर्मवर माझा शेरा खोडलेला होता आणि सगळे रकाने नानांच्या सुबक अक्षरात भरलेले होते. लाल गोल एकही नाही. आकडे कुठून आले हे ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण वरच्या जिनिंगचा फॉर्मही मीच भरून आणला होता. खालच्या मालकाने त्याआधीच्या वर्षीचा फॉर्मही अर्धाच भरला होता, म्हणून नानांनी शेजाऱ्याचा आकडा उसना घेतला होता. त्याच गावातला शेजारी, त्याच धंद्याचा, तेवढ्याच आकाराचा... रीत अगदी बरोबर. फक्त त्या वर्षी वरच्या जिनिंगमध्ये दोन पाळ्या चालल्या होत्या त्या खालची बंद पडली म्हणून. खालच्या जिनिंगचा कापूस वरती गेला होता, आणि नानांनी तो फुगलेला आकडा उचलून पुन्हा खालच्या जिनिंगच्या पदरात घातला. म्हणजे एक जिनिंग मेली आणि तेवढ्यामुळेच तालुका कागदावर श्रीमंत झाला. असली चूक करायला माणूस अडाणी असून चालत नाही, चांगला शिकलेलाच लागतो.

मी फाइल घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "नाना, ही जिनिंग बंद आहे."

"असेल. फॉर्मवर तसं नाही."

"फॉर्मवर मी कुलूप लिहिलं होतं."

"कुलूप हा आकडा नसतो, बाई." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि जिनिंगला कुलूप नवीन आहे का? वर्षातला निम्मा काळ कुलूपच असतं."

"मी मार्गशीर्षात गेले होते. वरती गाड्यांची रांग होती."

"मग उशीर झाला असेल. तुमची बहीण तिथे होती ना कामाला? म्हणून तुम्हाला तसं वाटतं. आकड्यांत नातं आणू नये."

याचा मला आजही संताप येतो. नानांचं घर धुळ्याला होतं. दर शनिवारी ते जळगावहून धुळ्याच्या एसटीत बसायचे आणि सोमवारी परत यायचे. ती एसटी पारोळ्यावरून जाते. खालची जिनिंग त्याच रस्त्यावर होती. मी म्हटलं, "तुम्ही दर आठवड्याला त्या गेटवरून जाता. एकदा खिडकीतून बघा." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मी डोळ्यांनी बघितलेलं भरत नाही. फॉर्मवर आलेलं भरतो. नाहीतर प्रत्येकजण आपापल्या खिडकीतून बघितलेलं लिहील." वाक्य ऐकायला भारी आहे. शोकसभेत कुणीतरी हेच वाक्य मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांना मागची गोष्ट माहीत नव्हती.

त्याच वर्षी सरकारने एक योजना काढली होती. ज्या तालुक्यांत जिनिंग आणि गिरण्या बंद पडून बायकांचं काम गेलं, तिथे सूतकताईची केंद्रं काढायची आणि त्याच बायकांना घ्यायचं. तालुके तक्त्यावरून निवडले गेले. चाळीसगाव बसलं, पारोळा बसला नाही. कसा बसणार? पारोळ्यात कामगार वाढले होते ना! अक्काने मला विचारलं, आपल्याकडे केंद्र का नाही. मी तिला तक्ता समजावून सांगितला. ती दारात बसून ऐकत होती. सगळं ऐकून आपल्या अहिराणीत म्हणाली, "म्हंजे कागदवर आम्ही कामले जातस." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मंग कागदवरलीस्नं पोट भरत व्हई." आणि उठून आत गेली. त्या दिवशी मी मुंबईच्या मुख्यालयाला सविस्तर अर्ज लिहिला. योजनेचा दुसरा टप्पा यायचा होता. तालुक्याचा आकडा त्याआधी दुरुस्त झाला असता, तर केंद्र मिळालं असतं. अक्काचं आणि तिच्याबरोबरच्या बायकांचं सगळं त्या एका दुरुस्तीवर होतं.

अर्जाचा परिणाम झाला, हेच मोठं. पुढच्या दिवाळीनंतर मुख्यालयातून एक अधिकारी आले आणि म्हणाले, प्रत्यक्ष बघू. जीपमध्ये पुढे ते, मागे नाना आणि मी. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता, कपाशी उशिरा फुटली होती, वरची जिनिंगसुद्धा नुकतीच सुरू झाली होती. हे नानांच्या पथ्यावर पडलं. आम्ही खालच्या जिनिंगच्या गेटपुढे उतरलो. कुलूप गंजून तांबडं झालेलं होतं. साहेबांनी ते हाताने हलवून बघितलं. नाना लगेच म्हणाले, "पावसाळ्याचा गंज, साहेब. इकडे पाऊस यंदा फार झाला." मी म्हटलं, "साहेब, हे गेल्या हंगामातलं कुलूप आहे. जिनिंग बंद आहे." एवढ्यात जीप बघून मागच्या वस्तीतल्या बायका आल्या, त्यांच्यात अक्का होती. साहेबांनी तिला विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता?" अक्काने तोंड उघडलं... पण तिच्या आधी नाना बोलले. "या इथल्याच कामगार आहेत, साहेब. हंगामाला जरा उशीर झालाय. होईल सुरू." इतक्या मायेने बोलले की बायकांनी एकमेकींकडे बघितलं. माणूस समोर उभा होता, त्याचा रकानासुद्धा नानांना कोरा ठेववला नाही. मी म्हटलं, "ही माझी बहीण आहे, ती इथे काम करत नाही, इथे कुणीच काम करत नाही." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग नानांच्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं. बहीण म्हटल्यावर माझं बोलणं एकतर्फी ठरलं. नानांनी अक्काकडे पाणी मागितलं, ते प्यायले, तांब्या परत देताना नमस्कारही केला. साहेबांनी वहीत लिहिलं की हंगाम उशिरा. जीप वळली.

दुसऱ्या टप्प्यातही पारोळा नव्हता. जीप येऊन गेली त्याच महिन्यात माझी बदली तळोद्याच्या बाजूला झाली. ती नानांनी करवली असं मी म्हणत नाही, त्यांनी ती थांबवली नाही एवढंच म्हणते. तिथून रजा मिळायची मारामार, त्यामुळे तो सबंध हिवाळा मी पारोळ्याला जाऊ शकले नाही, गेले ती आखाजीलाच. आणि कागदावर खालची जिनिंग चालतच राहिली. गेल्या वर्षीचा आकडा होताच, त्यात थोडी वाढ घालायची, की झालं यंदाचं काम. मेलेली जिनिंग वर्षावर्षाला बाळसं धरत होती. शेवटी मालकाने रेचे भंगारात विकले आणि वीज मंडळाकडून कायमची जोडणी तोडल्याचा कागद आला, तेव्हा नानांनी ती बंद दाखवली. त्या साली बंद! तोवर योजनाच गुंडाळली गेली होती. अक्का रावेरच्या बाजूला केळीच्या मळ्यांत घड वाहायला गेली. छाती आधीच रुईने खाल्लेली, ओझ्याने उरलीसुरली गेली. मी जळगावला परत आले तेव्हा तिला माझ्या घरी घेऊन आले, ती अजून माझ्याकडेच आहे.

नाना निवृत्त झाल्यावर एकदाच भेटले, धुळ्याच्या बसस्थानकावर. केस पांढरे झाले होते, शर्ट तेवढाच स्वच्छ. त्यांनी मला ओळखलं, चौकशी केली, बसमध्ये माझ्यासाठी जागा धरून ठेवली. मला वाटत होतं आता तरी विषय काढतील. "आता सगळं संगणकावर आलं, बाई," ते म्हणाले. "कोरी जागा राहूच देत नाही म्हणे तो." आणि समाधानाने हसले. मला त्या क्षणी त्यांची कीव यायला हवी होती, असं लोक म्हणतील. मला आली नाही. मी उतरताना मागे वळूनही बघितलं नाही, आणि याचं मला आज काहीही वाईट वाटत नाही.

शोकसभेहून मी जळगावला आले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. अक्का ओट्यावर मेथी निवडत बसली होती. खोकत होती. तिने विचारलं, "कोन गया वं? कोनाकडे गयथी?" मी तिला सांगितलं, आमच्या कार्यालयातले बोरसे नाना गेले. नावाने तिला काही उमगलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदाच जाणवलं की ज्या माणसाने तिच्या जन्माचं वाटोळं केलं, त्याचं नाव तिला कधी कळलंच नव्हतं. मी आठवण दिली, जीप, गेट, चष्मा. तिचा हात थांबला.

"गाडीमा वना व्हता तो? मनाकडे पानी मांगं त्यानी?"

"हा, तोच."

"गोड मानूस व्हता," अक्का म्हणाली. "त्यानी सांगं व्हतं, सुरू व्हई."

मग ती मेथीची काडी मोडत सांगू लागली, अगदी सहज, कुणाच्या लग्नाची गोष्ट सांगावी तसं. जीप गेल्यावर बायकांनी ठरवलं, मुंबईचा साहेब आणि आपला साहेब दोघं येऊन बघून गेले, म्हणजे जिनिंग सुरू होणार. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी भाकरी बांधून गेटपुढे जाऊन बसल्या. ऊन चढलं की भिंतीच्या सावलीला सरकायच्या, दुपारी भाकरी खायच्या, दिवस मावळला की घरी. तिसऱ्या दिवशी ऊसतोडीचा मुकादम टोळी जमवायला वस्तीत आला. बायका हव्या होत्या त्याला.

"त्याले काय सांगं मंग?" मी विचारलं.

"सांगं, आमनी जिनिंग सुरू व्हनार शे. दुसर्‍या बाया लई जा."

"आनि मंग? कितला दिन बठनात तठे?"

"हंगाम सरे तवपावत," अक्का म्हणाली. "रोजच जात व्हतूत. कुलूप उघडं आनि आपुन नसनूत, त आपली जागा दुसरीले देई टाकतीन ना."

सबंध हंगाम. दिवाळीपासून आखाजीपर्यंत. बाकीच्या वस्तीतली माणसं कामाला निघून गेली, आणि या बायका गंजक्या कुलपापुढे आपापली जागा राखत बसल्या, कारण एका स्वच्छ शर्टातल्या माणसाला रिकामी जागा बघवत नव्हती. इतकी वर्षं मी नानांवर एका खोट्या आकड्यासाठी रागावले होते. तो राग फारच कमी होता, हे मला त्या ओट्यावर कळलं. माझा आवाज चढला. मी म्हटलं, "माले काबर सांगं नही कधी? आनि मी त तठेच उभी व्हतू ना, तुना समोर. मी सांगं ना, बंद शे म्हनीसन. मनं काबर ऐकं नही?"

अक्काने माझ्याकडे बघितलं. तिला माझ्या रागाचं नवल वाटलेलं दिसलं. निवडलेली मेथी तिने ताटात एका बाजूला सारली.

"तू त मनी बहीन शे," ती म्हणाली. "तो साहेब व्हता."